नाणें वाजवून घेतां, मग बातमी कां नाहीं?

आमच्या पेठेंतला व्यापारी भोळा आहे असें त्याचा शत्रूहि म्हणणार नाहीं. चांदीचा रुपया चालत होता त्या काळीं तो दगडावर वाजवून घेतल्याखेरीज गल्ल्यांत पडत नसे. आज पांचशेंची नोट उजेडाकडे धरून पाहिल्यावांचून घेतली जात नाहीं. धान्याचें पोतें आलें तर मधोमध टोंचून मूठभर दाणे काढून पाहावयाचे, उधारी मागणारा नवखा असला तर दोन ठिकाणीं त्याची पत विचारावयाची, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. असा हा चोखंदळ गृहस्थ रात्रीं दुकान बंद करून घरीं येतो, हातांत मोबाइल घेतो, आणि कोणीं लिहिलें, कोठून आलें, केव्हांचें आहे यांपैकीं एकहि प्रश्न न विचारतां आलेला मजकूर खरा मानून पन्नास जणांस पुढें धाडतो! पैशाची जी काळजी तो घेतो ती आपल्या बुद्धीची घेत नाहीं. ही विसंगति हंसण्यावारी नेण्यासारखी असती तर आम्ही तिच्यावर ही जागा खर्च केली नसती. परंतु न तपासलेल्या बातमीची किंमत माणसांच्या प्राणांनीं चुकती झालेली आपल्या महाराष्ट्रानें पाहिली आहे.

१ जुलै २०१८ चा तो रविवार. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा या गांवीं आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचीं, भिक्षा मागून पोट भरणारीं पांच माणसें तेथें आलीं होतीं. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे अशी आवई त्या सुमारास मोबाइलवरून गांवोगांव पोंचलेली होती. परकीं माणसें दिसलीं, संशय आला, आणि संशयालाच लोकांनीं पुरावा मानलें. जमावानें त्या पांच जणांस ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडून जीव जाईपर्यंत मारलें. त्या काळांत देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकीं एकीची कुळकथा मोठी बोधप्रद आहे. ती मूळची कराचीच्या एका संस्थेनें काढलेली. पालकांनीं मुलांवर लक्ष ठेवावें एवढाच तिचा हेतु. मोटरसायकलवरचे दोघे मूल उचलतात, थोड्याच वेळानें तें परत आणून सोडतात, आणि सावधगिरीचा फलक दाखवितात. यांतला शेवट तेवढा कोणीं तरी कापून टाकला. मुलांच्या रक्षणासाठीं काढलेलें चित्र अर्धें होतांच निरपराध माणसांच्या जिवावर उठलें!

दोन वर्षें गेलीं नाहींत तोंच, १६ एप्रिल २०२० रोजीं, पालघर जिल्ह्यांतील गडचिंचले येथें चोर आल्याच्या अफवेनें खवळलेल्या जमावानें दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांस ठार केलें. त्या तिघांचा शोक ओसरण्यापूर्वींच त्यांच्या हत्येला धर्मद्वेषाचा खोटा मुलामा चढविण्याचा उद्योग सुरू झाला. तेव्हां अटकेंत असलेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून तींत एकहि मुसलमान नाहीं हें राज्याच्या गृहमंत्र्यांस सांगावें लागलें. एका असत्यानें माणसें मेलीं, आणि दुसरें असत्य त्यांच्या मरणावर पोसलें गेलें.

यावर उपाय झाले नाहींत असें नाहीं. राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनीं, १७ जुलै २०१८ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें जमावाच्या हिंसेला आळा घालण्यासाठीं सरकारांस विस्तृत निर्देश दिले. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपच्या चालकांनीं हिंदुस्थानांत एक संदेश एका वेळीं पांचांपेक्षां अधिक ठिकाणीं धाडतां येऊं नये अशी मर्यादा घातली. हे उपाय आवश्यक होते. परंतु कायदा बहुधा गुन्हा घडून गेल्यावर दारीं येतो, आणि पांचांची मर्यादा ही वेग कमी करते, विष कमी करीत नाहीं. खुलासा छापून येतो तोंवर मूळ आवई दहा गांवें पुढें गेलेली असते. शिवाय एकदां मनांत रुजलेली गोष्ट, ती खोटी होती हें पटल्यावरहि, मनाच्या कोपऱ्यांत आपली छाया ठेवून जाते; हा अनुभव कोणास नाहीं? तात्पर्य, असत्य आल्यावर त्याच्यामागें धांवण्यापेक्षां तें येण्यापूर्वींच मन तयार ठेवणें हाच खरा उपाय होय, आणि आजच्या लेखांत आम्हांस एवढेंच प्रतिपादन करावयाचें आहे.

आधीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. अफवांस बळी पडतात ते अडाणी लोक, आपण नव्हे, असें सुशिक्षितांस वाटतें. हा भ्रम आहे. अफवा बुद्धीवर चाल करून येत नाहीं. ती भीति, राग, लोभ व अभिमान या चार दारांनीं शिरते, आणि हीं दारें पदवीधराच्या घरालाहि असतात. पंचतंत्रांतील तो ब्राह्मण मूर्ख नव्हता. खांद्यावरच्या बोकडाला कुत्रा म्हणणारा पहिला ठग भेटला तेव्हां त्यानें त्यास झिडकारलेंच. दुसऱ्यानें तेंच सांगितलें तेव्हां तो चाचरला. तिसऱ्यानें सांगतांच बोकड टाकून मोकळा झाला. तीन माणसांनीं सांगितलें म्हणजे तीन साक्षी झाल्या असें त्यास वाटलें; तिघे एकाच कटांतले आहेत हें त्याच्या ध्यानीं आलें नाहीं. जी गोष्ट आपल्या पूर्वजांनीं कथेंत सांगितली तीच १९७७ सालीं अमेरिकन संशोधकांनीं प्रयोगानें दाखविली: वारंवार कानांवर पडलेलें विधान, तें खरें असो वा खोटें, माणसास अधिकाधिक खरें वाटूं लागतें. एकच मजकूर काकांकडून, सोसायटीच्या गटांतून व शाळासोबत्याकडून आला म्हणजे आपल्याला तीन साक्षीदार भेटले असें वाटतें. मूळ ठग मात्र एकच असतो.

दुसरें दार विश्वासाचें. द्रोणाचार्यांनीं शस्त्र टाकलें तें भीमाच्या आरोळीनें नव्हे. धर्मराजानें दुजोरा दिला म्हणून. सत्यवक्त्याच्या तोंडून आलेलें अर्धसत्य उघड असत्यापेक्षां अधिक घातक ठरलें, कारण ऐकणारा सांगणाऱ्याकडे पाहत होता, सांगितलेल्या गोष्टीकडे नव्हे. आज आपणहि तेंच करतों. संदेश धाडणारे मामा सज्जन आहेत, म्हणून संदेश खरा! मामा सज्जन आहेत यांत वाद नाहीं. पण मामांस तो कोणीं धाडला हें मामांसहि ठाऊक नसतें.

तर मग मन तयार करावयाचें तें कसें? येथें आम्ही एका जुन्या उपायाकडे वाचकांचें लक्ष वेधतों. १७९६ सालीं इंग्लंडांत एडवर्ड जेन्नरनें गाईच्या देवीची लस टोंचून माणसास देवीपासून वांचवितां येतें हें दाखविलें. ती लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेनें एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी प्रवास करीत मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोंचली गेली. हिंदुस्थानांतील पहिली लस ती हीच. पुढें १९८० सालीं साऱ्या जगांतून देवीचें उच्चाटन झाल्याचें जाहीर झालें. यांतलें तत्त्व साधें आहे: रोगाचा सौम्य अंश अगोदर शरीरास दाखवावा, म्हणजे शरीर त्यास ओळखतें, आणि खरा हल्ला येतो तेव्हां तें गाफील सांपडत नाहीं.

हेंच तत्त्व मनास लागू पडतें काय, असा प्रश्न अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅग्वायर यानें १९६१ च्या सुमारास विचारला. जेवणानंतर दांत घांसावे, हें चांगलें, यासारख्या कोणीहि वाद न घातलेल्या समजुती त्यानें निवडल्या. कांहीं लोकांस त्यानें त्या समजुतीच्या बाजूचे युक्तिवाद वाचावयास दिले. कांहींस उलट बाजूचे दुबळे आक्षेप दाखवून ते कसे फोल आहेत हेंहि दाखविलें. पुढें दोघांच्याहि समजुतीवर जोरदार हल्ला केला, तेव्हां पहिल्यांपेक्षां दुसरे अधिक टिकले. ज्या समजुतीवर कधीं घाव पडलाच नाहीं ती स्वच्छ बंद खोलींत वाढलेल्या देहासारखी असते. दिसावयास टुमटुमीत, पण पहिल्या सांथींत आडवी होणारी. अलीकडे केंब्रिज विद्यापीठांतील संशोधकांनीं हाच विचार पुढें नेला. त्यांच्या सहकार्यानें २०१८ सालीं एक खेळ निघाला. त्यांत खेळणारा स्वतःच खोट्या बातम्या पसरविणारा बनतो, आणि लबाडीच्या युक्त्या स्वतः वापरून त्या ओळखावयास शिकतो. प्रत्येक खोटी बातमी निरनिराळी खोडीत बसण्यापेक्षां त्या घडविण्याच्या मोजक्या युक्त्या शिकविणें फायद्याचें, कारण खोट्या बातम्या अगणित असल्या तरी युक्त्या थोड्याच आहेत.

त्या युक्त्या आम्ही येथें उघड्या करतों. पहिली, भीति वा संताप इतका चेतवावयाचा कीं विचाराला अवसरच राहूं नये. दुसरी, अधिकाराचा खोटा झगा: पोलीस, न्यायाधीश, डॉक्टर, शास्त्रज्ञ यांचें नांव वा वेष. तिसरी, कापलेलें सत्य: जुनें छायाचित्र नव्या घटनेचें म्हणून, अर्धें वाक्य पूर्ण म्हणून. चौथी, 'आपले' आणि 'ते' अशी फाळणी करून दुसऱ्या बाजूचा प्रत्येक माणूस शत्रू ठरविणें. पांचवी, 'हें सत्य तुमच्यापासून दडविलें जात आहे' अशी कुजबूज. तिच्या जोरावर पुराव्याचा अभाव हाच पुरावा ठरतो. आणि सहावी, घाई: 'ताबडतोब दहा जणांस पाठवा', 'आत्तांच्या आत्तां पैसे भरा'.

यांतल्या पहिल्या, दुसऱ्या व सहाव्या युक्तीचें मिश्रण आज आमच्या व्यापारी बंधूंच्या तिजोरीवरच आलें आहे. तुमच्या नांवें अमली पदार्थांचें पार्सल सांपडलें, तुम्ही 'डिजिटल अटकेंत' आहांत, कॅमेऱ्यासमोरून हलूं नका, कोणास सांगूं नका, रक्कम या खात्यांत भरा, असें गणवेषांतला तोतया फोनवर दरडावतो, आणि आयुष्याची पुंजी तासाभरांत जाते. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांस आकाशवाणीवरून या ठकबाजीविषयीं देशास सावध करावें लागलें. आम्ही कायद्याचे अभ्यासक म्हणून निक्षून सांगतों कीं, 'डिजिटल अटक' नांवाची वस्तु या देशाच्या कोणत्याहि कायद्यांत नाहीं. कोणताहि खरा अधिकारी फोनवर पैसे भरून घेऊन चौकशी मिटवीत नाहीं. जो हें एक वाक्य आज आपल्या वृद्ध आईवडिलांस सांगून ठेवील, त्यानें त्यांस लस टोंचली असें समजावें. पैसे गेलेच तर घटका न दवडतां १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें.

युक्त्या ओळखतां आल्या, तरी प्रत्येक मजकूर पारखावयाचा कसा? आमचें अर्धें आयुष्य न्यायालयांत गेलें आहे. तेथली एक रीत आम्ही वाचकांच्या हवालीं करतों. १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, पण ऐकीव गोष्ट सामान्यतः पुरावा होत नाहीं हा नियम हटला नाहीं. जें डोळ्यांनीं पाहिलें तें पाहणाऱ्यानें सांगावें, जें कानांनीं ऐकलें तें ऐकणाऱ्यानें. आणि सांगणाऱ्यानें उलटतपासणीस उभें राहावें. प्रत्येक संदेशाची अशी उलटतपासणी घ्या. हें प्रथम कोणीं सांगितलें? तो तेथें होता काय? हें केव्हांचें व कोठलें? विश्वासार्ह अशा दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणीं तें आलें आहे काय? मीं हें खरें मानावें यांत कोणाचा लाभ आहे? आणि शेवटचा प्रश्न स्वतःस: हें वाचून माझें रक्त इतकें कां तापलें? या सहा प्रश्नांस दोन मिनिटें लागतात. राईनपाड्यास दोन मिनिटांचाच विलंब हवा होता.

पण अशी संवय एका दिवसांत लागत नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळांत बिहारांत सुमित्रा बद्रीनाथन या संशोधिकेनें बाराशेंहून अधिक लोकांवर प्रयोग केला. घरीं जाऊन तासाभराचें शिक्षण दिलें, तरी एकंदरींत खोटी बातमी ओळखण्याच्या शक्तींत लक्षणीय फरक पडला नाहीं. पुढें त्या व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच प्रांतांत सुमारें १३,५०० विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग केला. यावेळीं एकाच तासाचें व्याख्यान न देतां कित्येक आठवडे वर्ग घेतले. तेव्हां मुलें खरें-खोटें निवडूं लागलीं, तें शिक्षण महिन्यांनंतरहि टिकलें, आणि त्यांचें वारें घरच्या वडीलधाऱ्यांसहि लागलें. केरळांतील कण्णूर जिल्ह्यांत, लसीकरणाविरुद्धच्या अफवांचा अनुभव घेतल्यावर, २०१८ सालीं सरकारी शाळांतून 'सत्यमेव जयते' या नांवानें असे वर्ग सुरू झाले होते. एका व्याख्यानानें भागत नाहीं, अभ्यासक्रम हवा. आणि लसीप्रमाणें ठराविक काळानें पुन्हां मात्रा हवी, हाच यांतून निघणारा धडा.

आतां आमच्यावर घेतले जाणारे दोन आक्षेप पाहूं. पहिला असा कीं, या शिकवणीनें लोक संशयी बनतील. दुधानें तोंड पोळलेला मनुष्य ताकहि फुंकून पितो, तसे ते खऱ्या बातमीवरहि विश्वास ठेवणार नाहींत. आक्षेपांत तथ्य आहे, आणि म्हणूनच आम्ही सांगतों कीं पारखणें म्हणजे नाकारणें नव्हे. सराफ सोनें कसास लावतो तें फेंकून देण्यासाठीं नव्हे, घेण्यासाठीं. सर्वच खोटें आहे असें म्हणून हात झटकणारा मनुष्य आणि सर्वच खरें मानणारा मनुष्य, दोघांनींहि कष्ट चुकविलेले असतात. आणि ज्याचा कशावरच विश्वास नाहीं तो प्रजाजन जुलमी सत्तेला भोळ्या माणसाइतकाच सोयीचा असतो.

दुसरा आक्षेप असा कीं, इतकी यातायात कशाला, खरें कोणतें तें सरकारनेंच ठरवून खोटें बंद करावें. ज्या देशानें १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा सोसला, जेथें लेखणीसाठीं संपादकांनीं तुरुंग भोगले, तेथल्या माणसानें हें म्हणावें याचें आम्हांस नवल वाटतें. सरकारी कारभाराविषयींचा मजकूर खोटा कीं खरा हें ठरविण्याचा अधिकार सरकारच्याच शाखेस देणारी दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयानें २०२४ च्या सप्टेंबरांत रद्द ठरविली, तें आमच्या मतें योग्यच झालें. आपल्याच खटल्यांत आपणच न्यायाधीश होतां येत नाहीं. चिथावणी देऊन रक्त सांडविणाऱ्यास दंड अवश्य व्हावा; पण नागरिकाच्या विवेकाचें काम दुसऱ्या कोणास मक्त्यानें देतां येणार नाहीं.

सर्वांत कठीण गोष्ट आम्ही शेवटीं राखून ठेविली आहे. प्रतिपक्षाचें असत्य ओळखणें सोपें. त्यासाठीं लस लागत नाहीं, द्वेष पुरतो. कस लागतो तो आपल्या पक्षाचें, आपल्या जातीचें, आपल्या धर्माचें कौतुक करणारें असत्य समोर येतें तेव्हां. आपल्या इतिहासाची खोटी बढाई कोणीं धाडली म्हणजे छाती फुगते, आणि ती खोडणारा देशद्रोही वाटतो. आम्ही राष्ट्राभिमानी आहों, म्हणूनच सांगतों: ज्या राष्ट्राचा अभिमान खोट्या गोष्टींच्या टेकूवर उभा आहे त्याचा टेकू कोणीहि परका काढून घेऊं शकतो. आणि हा दंडक आम्ही प्रथम आम्हां वृत्तपत्रकारांस लावतों. जो पत्रकार खपासाठीं आवई छापतो आणि खुलासा आंतल्या पानाच्या तळाशीं ढकलतो, त्यास वाचकांस उपदेश करण्याचा अधिकार नाहीं.

करावयाचें तें असें. शाळांनीं आठवड्यास एक तास या विद्येस द्यावा, आणि चार शिक्षकांनीं बसून मुलांच्याच ओळखीचीं खरीं-खोटीं उदाहरणें जमवावीं. व्यापारी मंडळांनीं आपल्या सभासदांस व नोकरांस ठकबाजीच्या रीति वर्षांतून दोनदां दाखवाव्या. गणेशोत्सवाच्या मंडळांनीं देखाव्यांतून त्या युक्त्या उघड्या पाडाव्या. लोकशिक्षण हें तर त्या उत्सवाचें जुनेंच कार्य. घरांत मात्र नम्रपणा हवा. आजोबांनीं खोटा संदेश धाडला तर चारचौघांत त्यांचा पाणउतारा करूं नये. एकटें गांठून, 'आजोबा, हा आला कोठून, पाहूं या का?' असें म्हणावें. लाजविलेला मनुष्य असत्यास अधिकच घट्ट धरतो. आणि ज्यानें स्वतः चुकीचें पुढें धाडलें त्यानें तितक्याच जणांस 'तें खोटें होतें, माझी चूक झाली' असें कळवावें. एवढा एक शिष्टाचार रुजला तरी अर्धें काम झालें.

१९४७ सालीं आपणांस आपला कारभार आपण करण्याचा हक्क मिळाला. परंतु ज्याच्या मनाचे दोर अनोळखी माणसाच्या बोटांत आहेत, ज्यास तो वाटेल तेव्हां भिववितो, रडवितो, भडकवितो, तो मतपेटीपाशीं उभा असूनहि स्वतंत्र नव्हे. कान आणि डोळे यांत चार बोटांचें अंतर असें आपले वडील म्हणत आले. आजच्या काळांत डोळ्यांनीं पाहिलेलेंहि कापलेलें वा बनविलेलें असूं शकतें, म्हणून त्या चार बोटांत आतां विचाराचीं दोन बोटें अधिक घातलीं पाहिजेत. उद्यां सकाळीं गल्ल्यावर बसून पहिली नोट उजेडाकडे धराल, तेव्हां रात्रीं पुढें धाडलेला शेवटचा संदेश आठवा, आणि तोहि तसाच धरून पाहा. तो खोटा निघाला, तर ज्यांस धाडला त्यांस दुकान उघडण्यापूर्वीं कळवा.